हौदावरच्या काट्या

मुक्काम परळी वैजनाथ

रामकिसन, दादाचा आशीर्वाद. आईचा गुडघा कसा आहे?

आपण सारे लिंबागणेशकर दोन गोष्टींना विटलो आहोत. पाऊस नाही आणि सोसायटीवाले फार बोलतात. काल एका गावात सोसायटीची सभा होती, मलाही बोलायला बोलावलेलं. चेअरमनचे हार सुकू नयेत म्हणून मंचावर पाण्याची बादली ठेवलेली, आणि समोर बाया रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या. मी माईकवरूनच सुनावलं. चेअरमन हसून म्हणाला, "अर्जुनराव, भाषणात तुमी लई गोड. घरच्या हौदावर कुणाला पिऊ देता?"

बिऱ्हाडी आलो तर तुझं पत्र. सटवा धनगराची मेंढरं पाण्याला येतात म्हणून तू हौदावर बाभळीच्या काट्या टाकल्यास. त्या बादलीपेक्षा मला आपल्याच हौदाची किळस आली.

हौद भरता भरता विहीर आटेल ही तुझी भीती खोटी नाही. त्या काळजीने मलाही झोप येत नाही. पण पाऊस पडेल, आणि पेरणीआधी खतासाठी हीच मेंढरं आपण आपल्या रानात बसवू. तोवर ती जगली पाहिजेत.

पत्र मिळताच काट्या काढ, आणि सटवाच्या बायकोला, सारजाबाईला, तू स्वतः जाऊन मेंढरांसह पाण्यावर बोलाव.

तुझा,
अर्जुनदादा