धाकटीचा स्वतःचा चेहरा

सौ. विहीणबाईंस,

तीर्थस्वरूप लिहावं तर तुम्ही वयाने माझ्याहून लहान (किती, ते आपण दोघीही कुणाला सांगत नाही), आणि नुसतं ‘सप्रेम नमस्कार’ लिहावं तर मुलाच्या आईचा तोरा मिरवला असं तुम्ही म्हणाल. म्हणून या खेपेला मीच वाकून नमस्कार करते. का करते ते पुढे कळेलच. तुमचा पाय कसा आहे? प्लास्टर निघालं असं तुमच्या लेकीकडून कळलं. चालताना काठी घ्या, लाजू नका. व्याह्यांचा खोकला गेला असेल अशी आशा. आमच्याकडे सगळ्यांच्या तब्येती उत्तम आहेत, फक्त झोप कुणाचीच झालेली नाही. ज्यांची होते त्या दोघी ती दिवसा उरकून घेतात.

खरं तर बाळंतपणासाठी इथे परदेशात तुम्ही यायचं होतं. तुमची बॅग भरलेली होती, आणि ऐन वेळी तुम्ही न्हाणीघरात घसरलात म्हणून माझी रवानगी झाली. आपल्या जुळ्या नातींना पहिली आंघोळ मी घातली, पहिलं हसू मी पाहिलं (ते हसू नव्हे, पोटातला वारा आहे असं इथले डॉक्टर म्हणतात, त्यांना काय कळतंय). हे सगळं तुमच्या वाट्याचं होतं याची मला रोज आठवण असते. आता मुली सूनबाईबरोबर आधी तुमच्याकडेच उतरणार आहेत, तेव्हा फिटंफाट होईल. पण त्या उतरणार की नाही हाच मधे मोठा घोर लागला होता. ती हकिकत तुमची लेक तुम्हाला सांगणार नाही, कारण तिला स्वतःचं कौतुक सांगायची सवय तुम्ही लावली नाहीत. म्हणून मी सांगते.

झालं असं की चिरंजीवांचं कारखान्यातलं काम संपत आलं. त्यांच्या जागी नवा माणूस येईपर्यंत त्यांना राहायची परवानगी मिळाली, पण कुटुंबाचा परवाना महिनाअखेरपर्यंतच. म्हणजे मी आणि सूनबाई जाऊ शकत होतो. मुली मात्र नाही. कारण इथे जन्माला आलं म्हणून इथले लोक कुणाला आपलं म्हणत नाहीत, आणि आपल्या वकिलातीत नोंद होऊन पासपोर्ट मिळेपर्यंत आपल्या देशालाही या दोघींचा पत्ता नाही. म्हणजे माझ्या मांडीवर दोन अशा बायका झोपल्या होत्या ज्या जगातल्या कुठल्याच सरकारच्या नव्हत्या! मला आधी याचं जरा कौतुकच वाटलं. कर नाही, मतदान नाही, कुणाला भ्यायचं कारण नाही. पण चिरंजीवांनी समजावून सांगितलं की महिना संपला की यांना इथे राहता येणार नाही आणि कुठे जाताही येणार नाही, तेव्हा माझं कौतुक जिरलं.

सूनबाईने जेवणाचं टेबल अर्जांसाठी ताब्यात घेतलं. (आम्ही त्या दिवसांत ताट हातात घेऊन उभ्याने जेवलो.) विहीणबाई, तान्ह्या मुलाच्या अर्जात काय काय विचारतात! उंची. डोळ्यांचा रंग. ओळखीची खूण. व्यवसाय. मी म्हटलं, ‘झोप’ लिहा, तेही थोरलीच्या बाबतीत खोटंच ठरेल. सही करता येत नसल्यास डाव्या अंगठ्याचा ठसा. आता तान्ह्या मुलाची मूठ उघडणं म्हणजे काय असतं ते तुम्ही जाणता. चिरंजीव मोठे इंजिनिअर, पण धाकटीने शाईचा अंगठा कागद सोडून त्यांच्या शर्टावर उठवला आणि वर त्यांच्याकडेच रागाने पाहिलं. सूनबाईने शांतपणे मुलीला दूध पाजलं, ती पेंगल्यावर मूठ आपोआप सैल झाली, आणि ठसा असा उमटला की छापखान्यालाही जमू नये. मी तेव्हाच मनात म्हटलं, ही मुलगी आपल्या घरी आली ते आपलं नशीब. तोंडाने म्हटलं नाही, सासू आहे ना मी.

खरी परीक्षा फोटोची. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, मागे पांढरं हवं, आणि धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. थोरलीचं काही नाही, ती जन्मल्यापासून तपासणीला आल्यासारखी सगळ्यांकडे टक लावून बघते. धाकटीचं मात्र असं आहे की डोळे उघडले की तोंड उघडतं, आणि तोंड मिटलं की डोळे मिटतात. बहुधा दोन्ही एकाच दोरीला बांधलेली असावीत. फोटोच्या दुकानात मला एका खुर्चीत बसवून वरून पांढरी चादर घातली, आणि चादरीच्या आतून मी मुलीला उभी धरली. थोडक्यात, मी खुर्ची झाले. (लग्न झाल्यापासून मी पुष्कळ काही झाले, पण खुर्ची पहिल्यांदाच.) थोरलीचा फोटो पहिल्याच झटक्यात निघाला. धाकटीसाठी फोटोवाल्याने खुळखुळा वाजवला, शिट्टी मारली, शेवटी मांजरासारखा ओरडला. ती गाढ झोपली.

तेवढ्यात सूनबाई शेजारच्या दुकानात लंगोट आणायला गेली, आणि मला युक्ती सुचली. पिशवीत धाकटीचं हिरवं झबलं जादा होतं. ते मी थोरलीला चढवलं आणि फोटोवाल्याला खुणेने सांगितलं, काढ. त्याला दोघी सारख्याच, त्याने काढला. सूनबाई परत येते तो काम फत्ते! “आई, कसा काय काढलात?” तिने डोळे विस्फारून विचारलं. मी म्हटलं, “अनुभव असतो गं.” फोटो पाकिटात बंद होते, आणि ती ते उघडणार तोच थोरलीने तिच्या खांद्यावर दूध काढलं, म्हणून माझा अनुभव वकिलातीपर्यंत सुखरूप पोचला.

वकिलातीत काचेमागे जे साहेब बसतात त्यांच्या कपाळावर इतक्या आठ्या आहेत की मी त्यांचं नावच आठ्यासाहेब ठेवलं. पण माणूस कामाचा. प्रत्येक कागद दोन्हीकडून बघतात आणि मग शिक्का असा मारतात की टेबलावरचा चहा हिंदकळतो. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, “अगदीच सारख्या आहेत हो.” मी जरा जास्तच उत्साहाने “हो ना!” म्हटलं. सूनबाई वाकली. तिने एकदाच पाहिलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, तेही एकदाच. आणि काचेला तोंड लावून स्पष्ट म्हणाली, “साहेब, हे दोन्ही फोटो थोरलीचे आहेत. आमची चूक झाली.”

आमची! विहीणबाई, हा शब्द लक्षात ठेवा. मी तिथे फरशीत गडप व्हायला तयार होते, आणि ही म्हणते आमची.

साहेब म्हणाले, पुढची तारीख घ्या. पुढची तारीख होती परवाना संपल्यानंतरची. मी सूनबाईची बाही ओढली आणि हळूच म्हटलं, “अगं, साहेबांना म्हण, हाच चालवून घ्या. महिन्या-दोन महिन्यांत चेहरे बदलतात, पुढे कुणाला कळणार आहे?” त्यावर ती चिडली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, “आई, हिला कपडे थोरलीबरोबर वाटून घ्यावे लागणार, पाळणाही, पुस्तकंही. ते मी काही टाळू शकत नाही. पण चेहरा तरी हिचा स्वतःचा असू दे. पहिल्यांदाच हिला कुणीतरी आपली म्हणणार आहे, ते बहिणीला बघून कशाला?”

मी चार बहिणींतली शेवटची. माझा म्हणून घरात लहानपणीचा जो फोटो दाखवतात तो माझ्या वरच्या बहिणीचा आहे असा मला जन्मभर संशय आहे, आणि आता विचारायला कुणी उरलं नाही. मी तिची बाही सोडली आणि तिचं ऐकलं. (चिरंजीवांना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही.)

आठ्यासाहेबांनी ते ऐकलं असावं. घड्याळाकडे बघत म्हणाले, “खिडकी बंद व्हायच्या आत फोटो दिलात तर घेतो.” त्याच दालनाच्या कोपऱ्यात फोटोचं यंत्र आहे, स्टुलावर बसायचं आणि बटण दाबायचं. मी पुन्हा खुर्ची झाले. चादर नव्हती, पण रांगेतल्या एका बाईंनी आपली पांढरी शाल दिली. एका ड्रायव्हरने किल्ल्यांचा जुडगा वाजवला, एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून पुन्हा घातली, आपापली कामं सोडून सगळी रांग धाकटीला जागं करायला लागली. ती झोपलेलीच. पायाला गुदगुल्या केल्या तर डोळ्यांआधी तोंड उघडलं आणि त्यातून जो सूर लागला तो ऐकून रांगही मागे सरली.

आणि मग साहेबांनी दुसऱ्या कुणाच्या तरी कागदावर शिक्का मारला. धप्प! धाकटीचे डोळे टक्क उघडले. तोंड मिटलेलं! पण आम्ही बटणापर्यंत पोचतो तो पुन्हा मिटले. सूनबाई धावत खिडकीशी गेली. “साहेब, तो शिक्का पुन्हा मारता का?”

“कशावर?”

“कशावरही.”

“कशावरही शिक्का मारत नाही मी,” साहेब म्हणाले, आणि अख्ख्या नोकरीत असा अर्ज कुणी केला नव्हता हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मग त्यांनी शिक्का शाईपासून दूर नेला, आपली बशी बाजूला सरकवली, आणि रिकाम्या टेबलावर मारला. धप्प. पुन्हा मारला. धप्प. इतका गंभीर माणूस, आठ्या जिथल्या तिथे, आणि एका तान्ह्या मुलीसाठी लाकडावर शिक्के मारतोय! रांगेत कुणी श्वास घेईना. धाकटी डोळे मोठे करून, ओठ घट्ट मिटून, कोण आलंय ते बघावं तशी समोर बघत होती. सूनबाईने बटण दाबलं. मी शालीखाली रडत होते. कुणाला दिसलं नाही, ही त्या शालीची सोय.

फोटो घेताना साहेब म्हणाले, “माझ्या शिक्क्याकडे इतकं लक्ष आजवर कुणी दिलं नव्हतं.” मग त्यांनी तो खऱ्या कागदावर मारला.

घरी आल्यावर चिरंजीवांनी विचारलं, “झालं का सगळं?” तर तुमची लेक काय म्हणाली असेल? “हो, आईंनी खुर्चीचं काम फार छान केलं.” बस. हिरव्या झबल्याचं चकार शब्दाने बोलली नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. मी तिच्या जागी असते तर सासूचा हा किस्सा सगळ्या नात्यात फिरवला असता. म्हणून म्हणते, विहीणबाई, तुम्ही मुलगी फार चांगली वाढवलीत. हे मी लग्नातच म्हणायला हवं होतं, पण तेव्हा मी पंगतीच्या व्यवस्थेवर रुसले होते.

मोठ्यांना नमस्कार, आणि व्याह्यांना खोकल्यासाठी गरम पाणी.

तुमची,
विहीण

ता. क. पासपोर्ट आले. दोन्ही फोटोंत दोन वेगळ्या मुली आहेत. महिना संपायच्या आत निघतो. विमानतळावरून सूनबाई आणि मुली तुमच्याकडे येतील आणि मी रात्रीच्या गाडीने माझ्या घरी जाईन, ठरल्याप्रमाणे.

ता. क. दुसरा. ठरल्याप्रमाणे नको वाटतंय. एवढं लांबलचक कौतुक (खरं आहे, शब्द न् शब्द खरा आहे) मी ज्यासाठी लिहिलं ते असं, की मला थोडे दिवस तुमच्याकडे राहू द्याल का? मुलाच्या आईने विहिणीकडे मुक्काम मागणं शोभत नाही हे मला माहीत आहे. घरी ‘हे’ एकटे मजेत आहेत, असं फोनवर इतक्या आनंदाने सांगतात की त्यांची काळजी नाही. खोली नको, कोपरा चालेल. मुलींच्या आंघोळी तुम्हीच घाला, मी पाणी काढून देईन. हा माझा अर्ज समजा. सूनबाईला यातलं काही बोलू नका, तिला संकोच होईल.

आई, पाकीट डकवायला सासूबाईंनी माझ्याकडेच दिलं, आणि उघडं पत्र मी वाचलं. यांची गादी माझ्या खोलीत घाल. विमानतळावरून गाडी मी आपल्या घरापर्यंतच सांगितली आहे, चौघींची, पासपोर्ट आले त्याच दिवशी. यांना कसं सांगायचं तेवढंच राहिलं होतं. आता तू ‘या’ म्हणून कळव, म्हणजे तुझ्याच बोलावण्यावरून आल्यासारखं होईल.