दोन हजार एकशे चाळीस झाडं

३ मार्च, सोमवार

झालं! मीच करते, असं सगळ्यांसमोर सांगून बसले. आमच्या झाडकोशात (कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं असं आमचं संकेतस्थळ) दोन हजार एकशे चाळीस पानांवर अजून जुनी माहितीचौकट आहे. उंची फुटांत, तीही ज्याला जशी सुचली तशी. पंधरा तारखेला ती चौकट काढून टाकणार. तोवर सगळं नव्या चौकटीत, मीटरमध्ये हलवलं नाही, तर त्या पानांवरची उंची, फुलोरा, सगळं गायब.

हातानं करायचं तर निवृत्तीपर्यंत पुरेल. साधनं तीन आहेत. लॅबमध्ये नवं यंत्र आलं की आम्ही आधी थोडे नमुने लावून बघतो. तसंच करायचं. प्रत्येकाला सत्तर पानं, मग निवड.

५ मार्च

पहिलं साधन एकेक पान समोर आणतं, बदल सुचवतं. आपण बघायचं आणि ‘जतन करा’ दाबायचं. सत्तर पानांना दीड तास! ह्यांनी ठेवलेला चहा तसाच गार झाला.

६ मार्च

सकाळी बघते तर सहा पानं पूर्ववत! कुणी केली? धाकट्याच्या सांगकाम्यानं! माझ्या भावानं चार वर्षांपूर्वी बनवलेलं खातं ते, नेमून दिलेलं काम आपोआप करत राहणारं. भाऊ दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही, त्याचं यंत्र मात्र हात धुऊन मागे लागलंय!

तणतणत पानं उघडली. सहाही चुका माझ्याच. चाळिसाव्या पानानंतर बोट आपलं आपण दाबत होतं, डोळे नुसतेच उघडे.

८ मार्च, शनिवार

दुसरं साधन. पानांची यादी द्या, काय शोधायचं आणि त्याजागी काय घालायचं ते सांगा, की सुटलंच. चार मिनिटांत सत्तर! मी खूश. मग कळलं — ‘फूट’ काढून ‘मीटर’ घातलंय, आकडे तेच. बारा फुटी डाळिंब बारा मीटर! हे म्हणतात, “शिडी आणू का गं, डाळिंबं काढायला?”

९ मार्च, रविवार

दिवसभर वाट बघितली. सांगकाम्यानं एका पानाला हात लावला नाही. यंत्राला कसली आलीय रविवारची सुट्टी?

१० मार्च

सुट्टी संपली. एकतीस पानं परत. उरलेली मग मीच पूर्ववत केली. एका डाळिंबाच्या फोटोखालची ओळही सुधारलीय, जी मी पाहिलीही नव्हती.

दुसरं साधन बाद. आता तिसरं. नियम आपण लिहायचे, आणि ते आधी पान न बदलता ‘काय केलं असतं’ एवढंच दाखवतं. जिथे शंका, ते पान बाजूला. संध्याकाळभर नियम लिहिले. मान आखडली, पण हे जमणार! झोपण्याआधी सत्तर पानं सोडली.

११ मार्च

सत्तरांत दोन परत. दोन्हीकडे उंची ‘दोन पुरुष’ (म्हणजे दोन माणसांएवढी) अशी लिहिलेली, आणि माझ्या शहाण्यानं तिथे दोन मीटर केलं. नवा नियम: आकड्यापुढे फूट नसेल तर हात लावायचा नाही.

१२ मार्च

साधन ठरलं, तर झाडकोशाची देखरेख करणाऱ्या प्रचालकबाई आडव्या. “दोन सांगकामे एकाच पानावर नकोत. गुंता होईल. आधी त्याला थांबवा. त्याच्या चर्चापानावर, खात्याला निरोप ठेवायच्या पानावर, काहीही लिहिलं की तो थांबतो, नियमच आहे तसा.”

काहीही लिहायचं! दोन वर्षांपूर्वी लिहिलंच होतं की मी. ह्याच सांगकाम्यानं तीनशे पानं बिघडवली, तेव्हा धाकट्याला न विचारता सगळ्यांसमोर तक्रार टाकली. काम बरोबरच होतं माझं. पण तो एवढंच म्हणाला, “फोन करायचास ना, ताई.” त्यानंतर शब्द नाही.

प्रचालकबाईंना सांगितलं, उद्या बघते. आणखी सत्तर पानं मात्र सोडली. नवा नियम तपासायला हवा ना.

१३ मार्च

सकाळपासून चारदा ते पान उघडलं, चारदा बंद केलं. दोन दिवस उरलेत. इतकी झाडं घालवायची का माझ्या तोऱ्यापायी? आणि खरं सांगायचं तर झाडांचं निमित्त आहे. मला तो हवाय.

जेवणानंतर लिहिलं. ‘थांब. त्या वेळी फोन करायला हवा होता. चुकले. — ताई.’ वाचून न बघता जतन केलं.

१४ मार्च

खाली उत्तर आहे.

‘ताई, सांगकाम्या मी दोन वर्षांपूर्वीच बंद केला. त्याच्या खात्यातून हे मी हातानं करतोय, ऑफिसला जाण्याआधी, तुझीच पानं. तुझी शेवटची सत्तर बघितली. एकही चूक नाही. चालव.’

चालवायच्या आधी फोन केला.