गव्हर्नरसाहेब आणि आमच्या चुलीजवळची फळी

एपिंग, न्यू हॅम्पशायर
एप्रिल १७७४

प्रिय जोथाम यास दाजीचा आशीर्वाद.

तुझी दाढदुखी थांबली असेल आणि लाकूडगिरणी चालू असेल, अशी आशा करतो. इकडे तुझ्या ताईचे गुडघे सोडले तर सगळे ठीक. माझे पाय मात्र मंगळवारपासून सुजले आहेत. त्याचे कारण ऐक.

त्या दुपारी आमच्या दारासमोरच्या चिखलात एक बग्गी रुतली आणि तिच्यातून खुद्द गव्हर्नर थॉर्नक्रॉफ्टसाहेब उतरले. (गेल्या महिन्यात तू त्यांचा पेंढ्याचा पुतळा जाळलास, त्याचे नाक साफ चुकले होते. खरे नाक फार भारदस्त आहे.) चाक निघेपर्यंत साहेब आत आले आणि मला आठवली ती आमची लाकडी जमीन! दोन फुटांहून जाड पाइन म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या जहाजाची राखीव डोलकाठी, तो तोडला की जबर दंड, हे तुला लाकूडवाल्याला मी काय सांगू? आणि तू बसवलेल्या आमच्या फळ्या अडीच फूट रुंद. त्यातून चुलीजवळच्या फळीवर, झाड राखीव असल्याची खूण म्हणून सरकारी कुऱ्हाडीने कोरलेला राजाचा बाण जसाच्या तसा. मी झटकन जाऊन त्या बाणावर उभा राहिलो.

तिथून अर्धी दुपार हललो नाही. साहेब म्हणाले, “बसा ना, आजोबा.” मी म्हणालो, “हुजुरांसमोर कसा बसू?” तुझी ताई ओरडली, “अहो, खांबासारखे उभे काय? सफरचंदाचा सायडर आणा तळघरातून!” मी म्हणालो, “तूच आण.” पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा म्हणालो. ती इतकी थक्क झाली की तिने आणलासुद्धा.

पण काय माणूस रे! केसांचा टोप काढून मांडीवर ठेवला (आत माझ्यासारखेच टक्कल आहे), बूट चुलीशी वाळत घातले आणि घेवड्याच्या तीन वाट्या संपवल्या. म्हणाले, “जुने मित्र मला बघून रस्ता ओलांडतात. जेवून जा असं कुणी म्हणून किती महिने झाले!” तुझी ताई तुझ्याइतकीच बंडखोर, पण तिने डोळे पुसले आणि चौथी वाटी वाढली.

निघताना साहेब बूट घ्यायला वाकले ते उठेचनात. फळीवर हात फिरवत म्हणाले, “दोनशे वर्षांचं झाड असेल. आजोबा, जरा सरका.” मी सरकलो. डोळे मिटून घेतले. उघडतो तर राजाचा प्रतिनिधी नुसत्या मोज्यांवर आमची सरपणाची पेटी ओढत होता! ती त्यांनी नेमकी बाणावर आणून ठेवली. “इथेच राहू दे,” म्हणाले. “माझे मोजणीवाले फार खवट आहेत.”

जोथाम, मला अजून जेवण जात नाही.

तुझा दाजी,
एनॉक विगिन

ता. क. साहेब शनिवारी याच रस्त्याने परतणार आहेत. मी जेवायला या म्हणून बसलो. तुमची मंडळी त्यांना अडवून अंगाला गरम डांबर फासायला आणि वर पिसे चिकटवायला शनिवारीच येणार, असे लोहार सांगत होता. मंडळींना म्हणावे, रविवारी या. (रविवार प्रार्थनेचा, त्या दिवशी तुम्ही डांबर उकळणार नाही, हे मला ठाऊक आहे.)

ता. क. दुसरा. तू मात्र शनिवारी ये, एकटा, हातोडा घेऊन. फळीला दोन बाजू असताना बाणाची बाजू वर कोण ठेवतो रे?