नाथनच्या नावाचा ठराव

९ सप्टेंबर १९८२

ब्रिजेट हार्कर येऊन गेली. नाथनच्या वर्गातली; आरमारात जाऊन यंदा मे महिन्यात युद्धात गेला तो नाथन. चहा ओतेपर्यंतही दम नव्हता तिला, आल्या आल्या विषयच काढला. सगळ्या वर्गाला वाटतं, नाथनचं नाव शाळेत असावं. रविवारची मौन प्रार्थना होते त्या सभेच्या खोलीत, भिंतीवर, लाकडाची लहानशी पाटी. फक्त नाव आणि जन्म-मृत्यूची सालं. आरमाराचा उल्लेख नाही, बोटीचा नाही, युद्धाचा तर नाहीच.

"तुम्हीच ना शाळेच्या मंडळाच्या क्लार्क? मग देऊन टाका ना परवानगी!"

कसं समजवायचं? लिंगबेकमध्ये वाढली ही पोरगी, पण शाळा चालते कशी ते आम्ही मुलांना कधी सांगितलेलंच नाही. क्लार्क म्हणजे अध्यक्ष नव्हे. मी टेबलामागे बसायचं, सगळ्यांचं ऐकायचं, सभेचा कौल कुठे झुकतोय ते ओळखायचं आणि तिथल्या तिथे ठराव लिहून वाचून दाखवायचा. मतदान नाही. बहुमत नाही. आणि माझं स्वतःचं मत तर नाहीच नाही.

"मी हो म्हणू शकत नाही, ब्रिजेट. नाहीसुद्धा म्हणू शकत नाही. विषय मांडेन."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"क्लार्कला ते विचारायचं नसतं."

उठून गेली. चहा तसाच.

लिंगबेकच्या भिंतींवर कुणाचंच नाव नाही. ज्यांनी शाळा काढली त्यांचंही नाही! दोन्ही महायुद्धांत गेलेली मुलं आहेत आमची — त्यांचीही नाहीत. आम्ही क्वेकर पंथाचे लोक युद्ध मानत नाही, मग युद्धात गेलेल्यांचे दगड तरी कसे लावणार? यात मला आजवर काही खटकलं नव्हतं.

११ सप्टेंबर

डॅमरिसला आधी सांगायला हवं होतं. ती मंडळावर आहे. आणि नाथन तिचा मुलगा. विषयपत्रिका हातात पडून कळलं असतं तर?

स्वयंपाकघरात होती. मुरंब्यासाठी प्लममधल्या बिया काढत होती, बोटं जांभळी झालेली. सगळं ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत.

"ब्रिजेट का? गोड मुलगी. नाथन तिला खूप चिडवायचा."

"डॅमरिस, त्या विषयापुरती तू बाहेर थांबलीस तर कुणी काही म्हणणार नाही. उलट —"

"का? छपराचा विषय निघाला की मी आत, आणि माझ्या मुलाचा निघाला की बाहेर?"

"तुला त्रास होईल म्हणून गं."

"व्हायचा तो मे महिन्यातच होऊन गेला, कॉनी."

मीही एक सुरी घेतली आणि बिया काढत बसले.

एडविनचा फोटो तिथेच, खिडकीपाशी. एडविन, तिचा दिवंगत नवरा. दुसऱ्या महायुद्धात बंदूक धरायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेला. ही तेव्हा नवी नवरी. गावात हिला दूध द्यायलाही लोक का-कू करत. लिंगबेकच्या मुलांना ती गोष्ट दरवर्षी सांगतात. त्या दोघांना उतारवयात एकच मूल झालं आणि ते गेलं आरमारात! तो निघाला त्या दिवशी डॅमरिस स्टेशनवर गेली नव्हती. मी गेले होते. गाडी सुटेपर्यंत तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

हे तिला मी सांगितलेलं नाही.

१५ सप्टेंबर

मंडळावर पालकांतून आलेल्या स्टॅन पिकर्सगिलचा फोन. "मतं मोजायचीच नाहीत तर मला बोलावता कशाला?" दर वेळी हेच! पण येतो. आणि वेळेआधी येतो.

१८ सप्टेंबर

मंडळाची सभा झाली.

क्रमानं लिहिते. सुरुवातीची शांतता नेहमीसारखी. मग वसतिगृहाचं छप्पर, नवे गणिताचे शिक्षक, आणि मग नाथन. मी ब्रिजेटची विनंती सांगितली. माझं काही घातलं नाही त्यात, आवाजसुद्धा सपाट ठेवला. त्याचा अभिमान वाटला मला तेव्हा!

पुन्हा शांतता. ॲम्ब्रोज उठला. आमच्यातला सगळ्यात थोरला. त्याचे वडीलही याच मंडळावर होते. काठीवर भार देऊन म्हणाला, "आजवर आपण कुणाचं नाव लावलेलं नाही. हे मी फक्त आठवण म्हणून सांगतोय." आणि बसला. पुढे आणखी काही बोलेल असं वाटलं होतं. बोलला नाही.

मग डॅमरिस उठली.

"एडविननं जे भोगलं ते या शाळेनं शिकवलं म्हणून. नाथननं जे केलं ते त्याचं त्यानं ठरवलं. मी त्याची आई आहे, मला तो दोन्हीकडून माझाच. पण या भिंतीवर त्याचं नाव असावं असं मी म्हणू शकत नाही."

एवढंच. बसली. हात मांडीवर, नजर समोर.

त्यानंतरची शांतता! इतक्या वर्षांत तशी ऐकली नव्हती. स्टॅननं खुर्ची सरकवली, घसा खाकरला. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. ॲम्ब्रोज खिडकीबाहेर बघत होता. ह्यू, मुख्याध्यापक, तो मंडळाचा सभासद नाही, नुसता बसतो — त्याचे डोळे भरले होते.

थांबले. आणि मग लिहिलं. "या विनंतीबाबत पुढे जाण्याची वाट मंडळाला दिसत नाही." वाचून दाखवलं. एकेक करून सगळे म्हणाले, "तसंच असो." डॅमरिस सगळ्यात शेवटी. स्पष्ट आवाजात.

मला सुटल्यासारखं वाटलं. लिहून ठेवते, कारण खरं आहे. कुणी भांडलं नाही, कुणी रडलं नाही. नंतर त्याच प्लमच्या मुरंब्याचा केक होता. डॅमरिसनंच आणला होता.

२० सप्टेंबर

ब्रिजेटला शाळेच्या फाटकाशी गाठून सांगितलं.

"किती जण विरुद्ध होते?"

"तसं मोजत नाहीत, बाळ."

"म्हणजे आमच्या बाजूनं एकही जण बोलला नाही?"

"नाही."

"एकही नाही?"

तिनं सायकल वळवली आणि गेली. डॅमरिस काय बोलली ते सांगितलं नाही मी तिला. सभेतलं बाहेर सांगायचं नसतं. पण न सांगून काय साधलं? तिला वाटणार, आम्ही सगळे दगड आहोत.

२ ऑक्टोबर

फाटकाची बिजागरी घ्यायला स्टॅनच्या दुकानात गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बिजागरी कागदात गुंडाळता गुंडाळता एकदम थांबला.

"मी बोलणार होतो त्या दिवशी."

"काय?"

"पाटी लावा म्हणून! घरून ठरवून आलो होतो. बायकोला म्हणून दाखवलं होतं दोनदा."

"मग बोलला का नाहीस?"

"कसा बोलणार? आई स्वतः उठून नको म्हणते, आणि मी, धड तुमच्यातलासुद्धा नाही, पालकांतून आलेला दुकानदार, मी काय तिला शिकवू? शिवाय तुम्ही माझ्याकडे बघितलंत ना! मला वाटलं, गप्प बस म्हणताय."

मी! मी तर बोल म्हणून बघितलं होतं!

बिजागरी तिथेच विसरून आले.

३ ऑक्टोबर

रविवारची प्रार्थनासभा सुटल्यावर ॲम्ब्रोजला गाठलं. सरळ विचारलं. काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत म्हणाला,

"माझा थोरला भाऊ सतरा साली गेला, पहिल्या महायुद्धात. रुग्णवाहिका चालवायचा फ्रान्समध्ये. बंदूक हातात धरली नाही कधी. त्याचंही नाव नाही कुठे. आईनं आयुष्यभर तक्रार केली नाही. मला सांगायचं होतं की तेव्हा आपलं चुकलं."

"पण तू तर म्हणालास, आजवर लावलेलं नाही!"

"ती सुरुवात होती गं. पुढचं बोलायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात डॅमरिस उठली."

मंडळातल्या उरलेल्या दोघांनाही फोन केला. तेच. त्याच सुरात, जवळजवळ त्याच शब्दांत. सगळ्यांना पाटी हवी होती. सगळे गप्प बसले. आणि त्या गप्प बसण्याला मी कौल समजले!

कुणीतरी म्हणेल, चूक सगळ्यांची. नाही. त्यांचं काम बोलण्याचं होतं, मान्य. पण शांतता कसली आहे हे ओळखणं माझं काम. एका खोलीत मनापासूनची शांतता आणि भिडेची शांतता, दोन्ही सारख्याच ऐकू येतात, आणि तो फरक कळावा म्हणून तर एक माणूस टेबलामागे बसवतात! मी म्हणू शकले असते, "मित्रांनो, मला अजून स्पष्ट दिसत नाही. पुढच्या सभेत बघू." कितीदा म्हटलंय ते. छपराच्या बाबतीत तीन सभा म्हटलं! आणि इथे घाई केली. का? डॅमरिसचा चेहरा बघवेना, म्हणून.

९ ऑक्टोबर

ह्यूकडे गेले. म्हटलं, नोव्हेंबरच्या सभेत विषय पुन्हा आणते. ठराव काही दगडावरची रेघ नव्हे.

"आधी तिला विचारा," तो म्हणाला. "आणि या वेळी ती काय म्हणते ते नका ऐकू. काय म्हणत नाही ते ऐका."

माझ्या मुलाच्या वयाचा माणूस. राग आला. पण बरोबर होतं त्याचं.

१६ ऑक्टोबर

डॅमरिसकडे.

ती बागेत होती, पानं ओढत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. स्टॅनचं, ॲम्ब्रोजचं, माझं. ती दाताळ्यावर रेलून ऐकत राहिली.

"म्हणजे सगळ्यांना हवं होतं?"

"सगळ्यांना."

हसली. असं हसणं मी कुणाचं बघितलेलं नाही.

"मी नाही म्हणाले आणि बसले. आणि वाट बघत राहिले, कॉनी. वाटलं, आता कुणीतरी उठेल. म्हणेल, डॅमरिस, तुझं ऐकलं, पण तो आमचाही मुलगा होता. एकानं म्हणायला हवं होतं. स्टॅननं म्हटलं असतं तरी चाललं असतं!"

"मग तू नाही का म्हणालीस?"

"हो कशी म्हणू? एडविनची बायको मी! स्वतःच्या मुलासाठी त्या भिंतीवर जागा मागू? मला ती मागता येत नव्हती. तुम्हाला देता आली असती."

मग म्हटलं, नोव्हेंबरात पुन्हा —

"नको."

"अगं, सगळे तयार आहेत —"

"आता तुम्ही द्याल ती माझी कीव म्हणून. तेव्हा दिलं असतंत तर ते त्याचं असतं. जा आता. पानं ओली व्हायच्या आत आटपायचंय मला."

फाटकापर्यंत पोचवायला आली नाही. लहानपणी शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही. मला एकटीला जाऊ देऊन अशी मागे ती कधीच राहिली नव्हती.

१७ ऑक्टोबर

स्टेशनवरची ती गोष्ट, तो मागे वळून बघत होता ती, काल सांगायला हवी होती का? की ती तरी न बोललेलीच बरी? मला आता कशाचाच अंदाज उरला नाही.

२३ ऑक्टोबर

डॅमरिसनं मंडळ सोडलं. कारण दिलं नाही, आम्ही विचारलं नाही. पुन्हा तेच! तिच्या जागी नाव सुचवायला नेमणूक समिती बसेल. क्वेकर माणूस हवा, पन्नाशीच्या आतला, शाळेची माहिती असलेला, वेळ असलेला. असा माणूस इंग्लंडात शिल्लक आहे का?

६ नोव्हेंबर

मंडळाची सभा. पाटीचा विषय आणला नाही, तिनं नको म्हटलं होतं. उघड सांगितलं मात्र, की सप्टेंबरचा ठराव मी घाईनं लिहिला, आणि या वर्षाअखेर क्लार्कचं काम सोडते. कुणी "थांब" म्हणालं नाही. भिडेनं की मनापासून — कोण जाणे.

निघताना स्टॅननं सांगितलं, गावच्या पंचायतीनं चौकातल्या युद्धस्मारकावर नाथनचं नाव कोरून घेतलंय. १४ तारखेला, युद्धस्मृतीच्या रविवारी, सगळी नावं वाचणार, बिगूल वगैरे.

"डॅमरिसला माहितीय?"

"पंचायतीनं विचारलं तिला. कोरा म्हणाली. तुमचा दगड आहे, म्हणाली."

म्हणजे ती जाणार. युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी छातीवर लाल फुलं लावलेल्या त्या माणसांत एकटी उभी राहणार!

१४ नोव्हेंबर

आज रविवारच्या प्रार्थनासभेला गेले नाही. जन्मात पहिल्यांदा. तिच्या शेजारी उभं राहायचं म्हणून चौकात गेले.

ॲम्ब्रोज तिथे होता, पावसात, काठीवर. स्टॅन. ह्यू. सगळं मंडळ! एकमेकांना न सांगता आलेले. नाव वाचलं. डॅमरिस नव्हती.

परतताना शाळेत डोकावले. ह्यूची बायको मुलांच्या रांगा लावून बाहेर आणत होती. म्हणाली, डॅमरिस इथेच होती, प्रार्थनासभेत. अर्ध्या तासाच्या शांततेनंतर उठली आणि मुलांसमोर मोठ्यानं म्हणाली, "नाथन होलगेट. माझा मुलगा. याच शाळेचा."

आमच्यातलं कुणी ऐकायला नव्हतं.