लेकुरवाळीचा रकाना

३ ऑगस्ट, रविवार
सारिका पेठहून आली. चपला चिखलाने भरलेल्या आणि तोंडात एकच, पारूआजी असं म्हणाली, पारूआजी तसं म्हणाली. पारू माझी धाकटी जाऊ, तिकडे गावीच राहते. ओहोळातले खेकडे धरायला तिला मी शिकवलं. नवी नवरी होती तेव्हा खेकडा दिसला की किंचाळायची. आता नात माझी, नाशकात माझ्या हातचं खाते, आणि वहीत नाव पारूचं.

५ ऑगस्ट
सारिकाचं एमेस्सीचं काम. गावच्या ओहोळातले खेकडे का संपले, ते गणितात बसवायचंय. पिल्लं किती होतात, माणसं किती धरतात, सगळं कॉम्प्युटरात टाकायचं. मग तो सांगणार ओहोळ रिकामा कधी होतो.
मी म्हटलं, "त्याला कॉम्प्युटर कशाला? खाली वाकून बघ."
हसली. पारूने म्हटलं असतं तर लिहून घेतलं असतं.

१० ऑगस्ट, रवि.
आज माझी पाळी. "आजी, पोटाखाली पिल्लं असलेली मादी धरायचीस का गं?"
म्हटलं, मादी काय, लेकुरवाळी म्हण. हा शब्द पारूने दिला नव्हता! वहीत त्याचा वेगळा रकाना केला. बरं वाटलं.
तर लगेच, "पारूआजी लेकुरवाळी कधीच धरत नाही. पाण्यात सोडते. किती शहाणी ना?"
"मी पण सोडायचे."
नाय सोडायचे. लेकुरवाळीचाच रस्सा दाट होतो. पारू पुढे सोडायची, मी मागून तीच धरायचे.

१४ ऑगस्ट
गुडघा. पारूचा दुखत नाय म्हणे. अजून डोंगर चढते.

१९ ऑगस्ट
गणित जमत नाय. ओहोळावर आमचीच दोन घरं जायची. आम्ही दोघी सांगतो तसं धरलं तर कॉम्प्युटरातली रेघ वर जाते. म्हणजे ओहोळ भरलेला पाहिजे. तिथे दगड उलथून उलथून सारिकाला दोन मिळाले.
"सगळा खेळ लेकुरवाळीवर आहे आजी. ती सुटली की ओहोळ सावरतो. ती धरत गेलं की एका हद्दीखाली जातो. मग धरणं थांबवलं तरी भरत नाही."
मी नाशकात येऊन बारा वर्षं झाली. म्हणजे माझं थांबलेलंच की. तरी ओहोळ भरला नाय. मला वाटायचं, एवढ्या ओहोळात माझ्या एका पाटीभर खेकड्यांनी काय होतंय.

२२ ऑगस्ट
सारिका म्हणते कुणीतरी खोटं सांगतंय. "पारूआजीच असेल. ती अजून जाते ना धरायला." पारूचं पान काढून टाकणार.
खोटं कशाला लिहू, गोड वाटलं. दुपारी शिरा केला.

२४ ऑगस्ट, रवि.
पारूचा फोन.
"जाऊबाई, काल पोरगी आलती. चार माणसांत म्हणाली, आजी, खरं सांग. लय लागलं मला. तुम्ही माझ्यासंगं असायच्या ना? तुम्ही सांगा तिला."
म्हटलं, आवाज तुटतोय. ठेवला. आवाज चांगला येत होता.
तिला माहीत होतं. माझी पाटी रोज बघायची ती. पण सारिकापाशी माझं नाव काढलं नाय. चार माणसांत खोटी ठरली तरी नाय. याचाच राग लय येतो. इथेही तीच वर.

२६ ऑगस्ट
उद्या सारिका सगळं सरांना देणार. सकाळी भाकरी वाढताना म्हटलं, "ते लेकुरवाळीचं..."
"काय?"
"काय नाय. मीठ बघ बरोबर आहे का."
सांगितलं तर रेघ खाली येईल, गणित जमेल. आणि सारिका परत पारूच्या मांडीला मांडी लावून बसेल. नाव माझंही येईल. कसं येईल ते माहीत आहे.
दुपारपासून ती टाइप करतेय. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "ये ना, बस इथे."
बसलेय. ही माझी वही मांडीवर, दहा तारखेचं पानही हिच्यातच. ती आता थांबली, माझ्याकडे बघतेय.
"काय लिहितेस गं आजी?"