भेगांवरच्या काचा

प्रिय एर्सिलिया,

तुझ्यामाझ्यासारख्या बायांना या गावात कधी कोणी काही विचारलंय? मठाच्या बागेखाली मोटारतळ खणायचं ठरलं, तेव्हाही नाही. भर सभेत मी भांडले, तू माझ्या शेजारी उभी राहिलीस, आणि महापौर म्हणाले, "नोर्माबाई, घसा तापलाय तुमचा, वाइन मागवू का?" सगळं सभागृह खिदळलं. दुसऱ्याच आठवड्यात यंत्रं आली.

तेव्हापासून मठातल्या आपल्या संग्रहालयात पाऊल टाकवत नाही. रविवारी मोटारतळाच्या उद्घाटनाला तुझ्या गायनवृंदातली मुलं जिथे गाणार आहेत, त्या नन्सच्या जुन्या भोजनगृहाचं दार आता खांदा लावल्याशिवाय मिटत नाही. गावाचे नांगर, मेणबत्त्यांचे साचे, आपल्या पणज्यांच्या लग्नाच्या पेट्या, सगळ्यांवर पांढरी भुकटी पडते. पुसा, सकाळी पुन्हा हजर. शतकानुशतकं त्या कमानीखाली बायका मुकाट्याने जेवल्या. कमान हलली नाही. आता खालची जमीनच काढून घेतलीय.

भेगांवर इंजिनिअरने काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, त्या तू पाहिल्यास. भिंत सरकली की काच तडकते, तेवढंच त्यांचं काम. परवा तपासणीस आला, सगळ्या पट्ट्या अखंड पाहिल्या आणि भिंत ठणठणीत असल्याची सही करून गेला. खरं सांगते, मलाही हायसं वाटलं. रखवालदार ऊबाल्दोला म्हटलं, "चला, मीच घाबरट ठरले." तर तो छाती फुगवून म्हणतो, "अहो, मीच बदलल्या सगळ्या! सारख्या तडकत होत्या. संग्रहालयात फुटकी काच? पाहुणे थुंकतील तोंडावर!"

त्याला तरी काय दोष देऊ? कपाटाची काच तडकली की नवी बसवायची, आयुष्यभर आपण त्याला हेच सांगत आलो. मी तशीच महापौरांकडे धावले. ते म्हणाले, "सही झालीय, बाई. उद्घाटनाला अपशकुन नको." तपासणीस फोन उचलत नाही.

काल संध्याकाळी मी ऊबाल्दोकडून कमानीच्या भेगेवर नवी पट्टी लावून घेतली आणि आता हात लावायचा नाही म्हणून बजावलं. आज सकाळी ती मधोमध दुभंगलेली होती. माझं कोणी ऐकत नाही, पण ती मुलं तुझ्या इशाऱ्यावर चालतात. रविवारी त्यांना बाहेर, चौकात उभं कर आणि तिथेच गाऊ दे. पाऊस पडो, महापौर लालबुंद होवोत. एकाही मुलाला त्या कमानीखाली नेऊ नकोस.

तुझीच, अजून घसा तापलेली,
नोर्मा