पापड कोणी खाल्ला

अंबरनाथ, रविवार संध्याकाळ, १९५५

डोक्यातून जातच नाही. उल्हासनगर कॅम्पातला आमचा लछमन जन्माने कराचीचा, पण फुटबॉल आता भारताकडून खेळतो. काल इथे जवळच झालेल्या सामन्यात त्याने पाकिस्तानवर गोल मारला. गोलकीपर युसूफ, त्याचा लहानपणचा दोस्त! मारताना पोराच्या मनात काय आलं असेल? तेच विचारायला गेलो, तर युसूफ दारात. दोघेही एकमेकांकडे बघेनात. दोस्ती तुटली की काय?

लछमनच्या आईने सिंधी रिवाजाप्रमाणे पापड-पाणी पुढे केलं. युसूफचा चेहरा उतरला.

"अम्मा, पापड पाहुण्याला देतात. मी पाहुणा कधी झालो?"

"मग उभा काय राहिलास? चुलीपाशी बस!"

लछमन हसला आणि सरकून त्याला जागा दिली.

माझं विचारायचं राहूनच गेलं. पापड मी खाल्ला. त्या घरात पाहुणा मी एकटाच.